वळिवड्याच्या बराकी आणि यजमानांचे मन

परक्या माणसाकडे समाज कोणत्या नजरेने पाहतो, हे त्या माणसाच्या दुःखावरून ठरते असा सर्वसाधारण समज आहे. ज्याच्या जिवावर बेतले म्हणून तो पळून आला तो दयेला पात्र आणि जो चार पैसे मिळवण्यासाठी आला तो संशयाला पात्र, ही वाटणी वरवर पाहता न्यायाचीही वाटते. महाराष्ट्राचा गेल्या आठ दशकांचा अनुभव तपासला असता मात्र या समजाला फारसा आधार सापडत नाही. जीव मुठीत धरून आलेल्यांच्याही वाट्याला येथे अढी आली आणि निव्वळ व्यापारासाठी आलेल्यांनाही कौतुकाने जागा मिळाली. येणारा किती काळ राहणार, त्याच्या राहण्याचा खर्च कोण सोसणार आणि त्याच्या येण्याने कोणाच्या रोजीरोटीला धक्का लागणार, या तीन प्रश्नांची उत्तरे यजमान समाजाला जशी मिळत गेली, तसे त्याचे मन वळत गेले. ही उत्तरे देणे हे प्रामुख्याने राज्यसंस्थेचे काम असते, आणि ते काम तिने टाळले की त्याची किंमत येणारा व यजमान असे दोघेही मोजतात.

येथे काही संज्ञा स्पष्ट करून घ्याव्या लागतात, कारण मराठीत त्यांची सरमिसळ फार होते. ‘निर्वासित’ म्हणजे ज्याचा वास, म्हणजे राहते ठिकाण, हिरावले गेले असा माणूस. ‘शरणार्थी’ म्हणजे जो शरण, म्हणजे संरक्षण, मागत आला आहे असा माणूस. पहिल्या शब्दात गमावल्याची नोंद आहे आणि दुसऱ्यात मागणीची. संयुक्त राष्ट्रसंघाच्या १९५१ च्या निर्वासितविषयक कराराने या अर्थाला कायद्याची चौकट दिली. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व किंवा राजकीय मत या पाच कारणांपैकी एखाद्या कारणाने छळ होईल अशी साधार भीती असल्यामुळे जो मायदेशाबाहेर आहे आणि परतू शकत नाही, तो या कराराच्या दृष्टीने निर्वासित होय. असा दर्जा मिळावा म्हणून ज्याने अर्ज केला आहे, पण ज्याच्या अर्जाचा निकाल लागलेला नाही, तो आश्रयार्थी. उपजीविकेसाठी स्थलांतर करणाऱ्याला या करारात स्थान नाही. भारताने या करारावर अथवा त्याला पूरक असलेल्या १९६७ च्या प्रोटोकॉलवर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही केलेला नाही. त्यामुळे कोणाला ठेवून घ्यायचे आणि कोणाला परत पाठवायचे हा निर्णय येथे प्रत्येक गटापुरता, त्या त्या वेळच्या धोरणानुसार होत आला आहे. देशांतर्गत स्थलांतराची गोष्ट वेगळी आहे. भारताच्या राज्यघटनेचे एकोणिसावे कलम प्रत्येक नागरिकाला देशात कोठेही जाण्याचा, राहण्याचा आणि व्यवसाय करण्याचा हक्क देते, आणि म्हणून ‘परप्रांतीय’ हा शब्द बोलण्यात कितीही रुळलेला असला तरी कायद्याच्या दृष्टीने त्याला अर्थ नाही.

वर मांडलेल्या प्रतिपादनाची कसोटी लावण्यासाठी कोल्हापूरजवळच्या वळिवडे या गावाइतके योग्य ठिकाण क्वचितच सापडेल. १९३९ मध्ये जर्मनी आणि सोव्हिएत संघ यांनी पोलंड वाटून घेतल्यावर सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधील लाखो लोकांना १९४० आणि १९४१ या वर्षांत मालगाड्यांत कोंबून सायबेरिया, कझाकस्तान आणि उत्तरेकडील श्रमछावण्यांत नेऊन टाकले. हिटलरने सोव्हिएत संघावर चाल केल्यानंतर समीकरणे बदलली, जुलै १९४१ मध्ये सोव्हिएत सरकार आणि लंडनस्थित निर्वासित पोलिश सरकार यांच्यात करार झाला, आणि सुटका झालेल्यांपैकी एक मोठा लोंढा पोलिश सैन्याच्या मागोमाग १९४२ मध्ये कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात उतरला. त्यातील अनाथ मुलांचा एक गट नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी जामनगरजवळच्या बालाचडी येथे सांभाळला, ही हकिकत पुष्कळांना ठाऊक असते. संख्येने त्याहून कितीतरी मोठी असलेली वसाहत मात्र कोल्हापूर संस्थानात होती. पंचगंगेच्या खोऱ्यात, मिरज–कोल्हापूर लोहमार्गालगत वळिवड्याला १९४३ मध्ये उभ्या राहिलेल्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश लोक राहत होते, आणि त्यांत स्त्रिया, मुले आणि वृद्ध यांचाच भरणा होता, कारण हाती शस्त्र धरू शकणारे पुरुष युद्धावर गेलेले होते.

लांबच लांब बराकींच्या रांगा, एकेका कुटुंबाला वाटून दिलेल्या खोल्या आणि त्यांच्यापुढे पडवी, असे या छावणीचे रूप होते. तिच्यात चर्च होते, दवाखाना होता, प्राथमिक ते माध्यमिक अशा पोलिश माध्यमाच्या शाळा होत्या, बालवीरांची पथके होती आणि नाटके बसवली जात होती. सायबेरियात उपासमारीने आणि तापाने घरातली माणसे गमावलेल्या या बायकांनी वळिवड्याच्या मातीत छोट्या बागा केल्या, आणि कोल्हापूरच्या बाजारात जाऊन त्या खरेदी करू लागल्या. भाजीवाले, दूधवाले, शिंपी, टांगेवाले यांना या छावणीने नियमित रोख गिऱ्हाईक मिळवून दिले. या लोकांशी स्थानिकांचे संबंध स्नेहाचे राहिले, मैत्री जुळली, क्वचित विवाहही झाले, आणि पुढे युरोप, ऑस्ट्रेलिया व अमेरिका खंडांत विखुरलेल्या या मुलांनी म्हातारपणापर्यंत कोल्हापूरची आठवण जपली, याची साक्ष त्यांनी उभारलेली स्मारके देतात. कोल्हापुरात महावीर उद्यानात असे एक स्मारक आहे, शहरात पोलिश माणसांच्या कबरी आहेत, आणि वॉर्साच्या कोल्हापूर स्मारकापाशी ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी पुष्पचक्र वाहिले.

या आपुलकीतील कोल्हापूरकरांचा वाटा कमी लेखण्याचे कारण नाही. तरीही अभ्यासकाने पुढची पायरी चढून विचारले पाहिजे की, ही आपुलकी कोणत्या परिस्थितीत फुलली. वळिवड्याच्या पोलिश रहिवाशांचा खर्च लंडनमधील पोलिश सरकारच्या खाती पडत होता. युद्ध संपले की ते जाणार, हे पहिल्या दिवसापासून सर्वांनी गृहीत धरले होते. त्यांनी कोल्हापुरात दुकान थाटले नाही, नोकरी मागितली नाही, शेतजमीन घेतली नाही. तीनही प्रश्नांची उत्तरे यजमानाला निर्धास्त करणारी होती, आणि त्यामुळे मूळच्या सौजन्याला आडकाठी आली नाही. त्याच १९४३ साली बंगालमध्ये दुष्काळाने खेड्यांतून कोलकात्याच्या फूटपाथवर येऊन पडलेल्या भुकेल्या माणसांसाठी सरकारने वटहुकूम काढला, तो त्यांना निराधार ठरवून शहराबाहेर हलवण्याचा. ती माणसे याच देशाची होती आणि त्यांच्याही जिवावरच बेतलेले होते. फरक इतकाच होता की त्यांचा खर्च उचलायला लंडनमध्ये कोणी बसलेले नव्हते.

युद्ध संपल्यावरही पोलिश लोकांचे परतणे सोपे राहिले नाही. त्यांची गावे आता सोव्हिएत हद्दीत गेली होती, ब्रिटनने १९४५ च्या जुलैत लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली होती, आणि ज्यांनी सायबेरिया पाहिला होता त्यांना तिकडे पाऊल टाकण्याचीही धास्ती होती. हळूहळू ही माणसे ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा असे देश गाठत गेली आणि १९४८ मध्ये छावणी रिकामी झाली. बराकी मात्र फार काळ रिकाम्या राहिल्या नाहीत, कारण फाळणीने घरदार गमावलेल्या सिंधी कुटुंबांना सरकारने तेथेच आणून वसवले, आणि त्या वसाहतीचे नाव गांधीनगर पडले. जागा तीच, छप्पर तेच आणि आत राहायला आलेला माणूसही निर्वासितच होता. पण यजमानाच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे उलटी झाली होती. हे लोक परत जाणार नव्हते, त्यांचा भार या देशाच्याच तिजोरीवर होता, आणि पोट भरण्यासाठी त्यांना येथील बाजारातच उतरावे लागणार होते.

सिंधी निर्वासितांची स्थिती इतर फाळणीग्रस्तांहून एका बाबतीत वेगळी होती. पंजाब आणि बंगाल विभागले गेले, त्यामुळे तिकडून आलेल्यांना सीमेच्या अलीकडे आपल्या भाषेचा एक प्रदेश तरी सापडला. सिंध मात्र सबंध पाकिस्तानात गेला. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल उसळल्यावर समुद्रमार्गे मुंबईकडे येणाऱ्यांची संख्या एकदम वाढली. मुंबई सरकारने १९४८ मध्येच निर्वासितांविषयी कायदा करून त्यांची नोंदणी आणि त्यांच्या राहण्याच्या जागा यांवर नियंत्रण आणले. कल्याणजवळ युद्धकाळात उभारलेली लष्करी छावणी सुमारे लाखभर सिंधी माणसांचे घर झाली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. नाव बदलून पाऊणशे वर्षे झाली तरी तेथील पत्ते आजही ‘कॅम्प नंबर तीन’, ‘कॅम्प नंबर चार’ असेच सांगितले जातात, आणि पिंपरीचाही सिंधी भाग पुणेकरांच्या तोंडी ‘पिंपरी कॅम्प’ असाच आहे.

या लोकांविषयी मराठी समाजात दीर्घकाळ जे बोलले गेले त्यात करुणेपेक्षा कुरकुर अधिक होती. रेल्वेच्या डब्यात पापड आणि गोळ्या विकणारी पोरे, रस्त्यावर कापडाचा तागा पसरून बसलेला आणि जुन्या दुकानदारापेक्षा दोन पैसे कमी भाव सांगणारा विक्रेता, ही त्या काळातील नित्याची दृश्ये होती. कापड खरेदीच्या भावातच विकून नफा केवळ रिकाम्या खोक्यांवर काढायचा, अशी या व्यापाराची ख्याती सांगितली जाई. ज्यांच्याकडे भांडवल नव्हते, पत नव्हती, पण परत जाण्याची वाटही नव्हती, त्यांनी कमी नफा आणि जलद उलाढाल हा मार्ग धरला. प्रस्थापित दुकानदाराच्या नजरेत तो बाजार बिघडवण्याचा उद्योग ठरला. उल्हासनगरच्या मालावर ‘मेड इन यूएसए’ असा शिक्का असतो आणि त्याचा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा होतो, हा विनोद मुंबईच्या दोन पिढ्यांनी ऐकवला. त्या विनोदाने एका सबंध समाजाला नकली मालाचा उत्पादक ठरवले, आणि तो सांगणाऱ्या कोणालाही आपण निर्वासितांची थट्टा करत आहोत असे वाटले नाही, कारण तोपर्यंत सिंधी माणूस निर्वासित उरला नव्हता, प्रतिस्पर्धी झाला होता. निर्वासिताने दीन राहावे, ही अपेक्षा यजमानाच्या मनात न बोलता घर करून असते. तो स्वतःच्या पायावर उभा राहिला की दयेची मुदत संपते.

त्याच वेळी या समाजाने शहराला काय दिले, याची नोंद ठसठशीतपणे करणे न्यायाचे आहे. कराचीच्या डी. जे. सिंध महाविद्यालयातून आलेल्या प्राध्यापकांनी १९४८ मध्ये मुंबईत जयहिंद महाविद्यालय सुरू केले आणि त्यानंतर सिंधी शिक्षणसंस्थांची मालिकाच उभी राहिली, जिच्यात मराठी विद्यार्थ्यांच्या पिढ्या शिकल्या. गांधीनगर आज पश्चिम महाराष्ट्रातील आणि सीमाभागातील किरकोळ दुकानदारांची घाऊक कापडपेठ आहे. लग्नसराईच्या आणि दिवाळीच्या आधी कोल्हापूर, सांगली, बेळगावकडचे व्यापारी तेथून गठ्ठे बांधून नेतात. ज्या व्यापाराची एकेकाळी धास्ती घेतली गेली त्याच्यावर आता हजारो मराठी दुकाने उभी आहेत. या समेटाला एक पिढी लागली, आणि तो आपोआप झाला नाही; जमिनी देणे, कर्ज देणे, सिंधमधील मागे राहिलेल्या मालमत्तेच्या दाव्यांची १९५४ च्या कायद्याने भरपाई करणे, १९६७ मध्ये सिंधी भाषेचा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात समावेश करणे, अशा अनेक पायऱ्यांनी सरकारने त्याला हातभार लावला.

तिबेटी निर्वासितांचा अनुभव या दोहोंच्या मधला आहे आणि तो थोडक्यात सांगता येतो. १९५९ नंतर भारतात आलेल्या तिबेटी लोकांची एक वसाहत १९७२ पासून गोंदिया जिल्ह्यात (तो तेव्हा भंडारा जिल्ह्याचा भाग होता) नॉर्ग्येलिंग या नावाने नांदते आहे. हिवाळ्यात महाराष्ट्राच्या शहरांत तिबेटी कुटुंबे स्वेटरांची पाले ठोकतात, त्यांच्याकडचा बराचसा माल लुधियानाच्या कारखान्यांतून येतो, आणि थंडी सरली की पाले उठतात. या लोकांविरुद्ध महाराष्ट्रात मोर्चा निघाला नाही. ते थोडे आहेत, मोसमापुरते येतात आणि येथे जो धंदा आधी कोणाच्या हातात नव्हता तोच करतात.

निर्वासितांकडून आर्थिक स्थलांतरितांकडे वळताना सर्वप्रथम लक्षात घ्यावे लागते की मुंबई हे शहरच स्थलांतराने घडले आहे. १९२१ च्या जनगणनेत शहरातील ऐंशी टक्क्यांहून अधिक रहिवाशांचा जन्म शहराबाहेर झालेला होता. गिरणगावात आलेला रत्नागिरीचा चाकरमानी, घाटावरून आलेला माथाडी, धोबीतलावाच्या आसपास आपापल्या गावाच्या ‘कुडा’त राहणारा गोव्याचा खलाशी अथवा आचारी, हे सर्व आर्थिक स्थलांतरितच होते. चाळीतल्या एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे पुरुष, खाणावळवाल्या बाईकडचे महिन्याचे जेवण आणि गावी जाणारी मनिऑर्डर यांवर कोकणातील असंख्य घरे चालली. देशावरून आलेल्या मराठी कामगारालाच मुंबईत ‘घाटी’ म्हणून हिणवले गेले, ही गोष्ट मराठी वाचकाने विसरू नये. हेटाळणीसाठी परकी भाषा लागत नाही.

१९६० मध्ये राज्य मिळाले, पण राजधानीत मराठी भाषकांचे प्रमाण १९६१ च्या जनगणनेनुसार सुमारे ४३ टक्केच होते आणि व्यापार व कचेऱ्या यांतील वरच्या जागा इतरांकडे होत्या. याच काळात मराठी माध्यमातून शिकलेली तरुणांची पहिली मोठी फळी कारकुनी आणि पर्यवेक्षकी नोकऱ्या शोधत बाहेर पडली. ‘मार्मिक’ साप्ताहिकाने कंपन्यांतील अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या ‘वाचा आणि थंड बसा’ या मथळ्याखाली छापायला सुरुवात केली, आणि १९ जून १९६६ रोजी शिवसेनेची स्थापना झाली. तेव्हाचा रोख प्रामुख्याने दाक्षिणात्य टंकलेखक, लघुलेखक आणि कारकून यांच्यावर होता. मायरन वायनर यांनी १९७८ मध्ये आणि मेरी कॅट्झनस्टाइन यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांतून भूमिपुत्र चळवळींची जी उकल पुढे आली तिचे सार असे की, विरोधाची धार येणाऱ्यांच्या एकूण संख्येवर अवलंबून नसते, तर स्थानिक समाजातील नव्याने शिकलेला वर्ग ज्या नोकऱ्यांकडे डोळे लावून असतो त्याच नोकऱ्यांत बाहेरचा माणूस आधीपासून बसलेला असला की ती तीव्र होते. उत्तरेकडून आलेला हमाल आणि दूधवाला त्या काळात मुंबईत होताच, पण त्याच्या कामावर मराठी पदवीधराचा डोळा नव्हता.

त्यानंतरच्या चार दशकांत चित्र बदलले. १९८२ च्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि त्यानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. कायम नोकरी, भविष्यनिर्वाह निधी आणि मुलाला आपल्या जागी लावण्याची आशा, हे सारे त्यासोबत गेले. गिरणी कामगाराचा मुलगा रिक्षा, टॅक्सी, सुरक्षारक्षकाची नोकरी, फेरीचा धंदा यांकडे वळला तेव्हा तेथे उत्तर प्रदेश आणि बिहारमधून आलेला तरुण त्याच्यासमोर उभा होता. २००८ च्या फेब्रुवारीत मुंबई, ठाणे, नाशिक या भागांत उत्तर भारतीयांवर हल्ले झाले आणि ऑक्टोबरमध्ये रेल्वेच्या भरती परीक्षेसाठी आलेल्या उमेदवारांना मारहाण झाली. परीक्षेला आलेला कोवळा उमेदवार झोडपला जाणे, याचे समर्थन कोणत्याही अन्यायाच्या नावाने होऊ शकत नाही, हे येथे निःसंदिग्धपणे नोंदवले पाहिजे. तथापि त्या मारहाणीच्या मागे एक खरी तक्रार दडलेली होती: महाराष्ट्रातील जागांच्या जाहिराती मराठी वृत्तपत्रांत पुरेशा येत नाहीत आणि परीक्षा मराठीतून देता येत नाही. २००९ मध्ये रेल्वेने भरती परीक्षा प्रादेशिक भाषांतूनही घेण्याचे धोरण जाहीर केले. हा निर्णय दोन वर्षे आधी झाला असता तर किती डोकी फुटायची वाचली असती, हा विचार मनाला अस्वस्थ करतो. नोकऱ्या कायद्याने राखून ठेवण्याचा मार्ग मात्र न्यायालयात टिकलेला नाही. खासगी क्षेत्रातील ७५ टक्के जागा स्थानिकांना देणारा हरयाणाचा कायदा पंजाब आणि हरयाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये घटनाबाह्य ठरवला.

मतांची शास्त्रीय पाहणीही याच दिशेने बोट दाखवते. निखर गायकवाड आणि गॅरेथ नेलिस यांनी मुंबईकरांच्या प्रातिनिधिक नमुन्यात प्रत्यक्ष भेटीतून एक प्रयोग केला आणि तो २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या पार्श्वभूमीच्या काल्पनिक स्थलांतरितांविषयी लोकांचे मत विचारले असता बहुसंख्य गटातील उत्तरदात्यांच्या मतावर येणाऱ्याच्या सामाजिक ओळखीपेक्षा स्वतःच्या आर्थिक हिताचा प्रभाव अधिक दिसला. भेदभाव सोसणाऱ्या अल्पसंख्य गटात मात्र आपल्याच समाजाची माणसे आली तर आपले संख्याबळ वाढेल आणि सुरक्षितता लाभेल, हा विचारही काम करत होता. युरोपातील चित्र याहून काहीसे वेगळे आहे. बन्साक, हाइनम्युलर आणि हांगार्टनर यांनी पंधरा देशांतील सुमारे अठरा हजार मतदारांपुढे काल्पनिक आश्रयार्थींची माहिती ठेवून केलेला आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की, ज्याला काम मिळण्याची शक्यता अधिक, ज्याची हकिकत सुसंगत आणि ज्याचे हाल तीव्र, त्याला लोक पसंती देतात. पण मुस्लिम अर्जदाराला ख्रिस्ती अर्जदारापेक्षा कमी पसंती मिळते. धर्माचा हा निकष केवळ युरोपीय मतदारांच्या मनात आहे असे म्हणता येणार नाही, कारण भारताच्या २०१९ च्या नागरिकत्व सुधारणा कायद्यानेही पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि बांगलादेश येथून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती यांना सवलत दिली आणि मुस्लिमांना वगळले. छळाची भीती हा निकष मानला तर त्या भीतीची तपासणी माणसागणिक झाली पाहिजे, आणि त्यासाठी निर्वासितांविषयीचा स्वतंत्र कायदा हवा. परकीय नागरिकांविषयीचे जुने कायदे बाजूला सारून २०२५ मध्ये नवा कायदा आला, पण तोही ही उणीव भरून काढत नाही.

स्थलांतरिताविषयीची वृत्ती केवळ द्वेषातून प्रकट होते असे नाही. तो दिसेनासा होणे हीही एक वृत्तीच आहे. ८ मे २०२० रोजी पहाटे जालन्याहून भुसावळच्या दिशेने रुळांवरून चालत निघालेले आणि थकून रुळांवरच झोपलेले सोळा मजूर करमाडजवळ मालगाडीखाली सापडले. ते मध्य प्रदेशातील होते आणि जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करत होते. रुळांमध्ये विखुरलेल्या त्यांच्या भाकऱ्या-पोळ्यांची छायाचित्रे देशाने पाहिली. या माणसांविरुद्ध जालन्यात कोणी घोषणा दिल्या नव्हत्या, त्यांना कोणी हाकलले नव्हते. टाळेबंदीत ती कोठे आहेत, काय खातात आणि घरी कशी जाणार, हे विचारणारी यंत्रणाच नव्हती, आणि आंतरराज्य स्थलांतरित कामगारांची नोंद ठेवण्याचा कायदा तर १९७९ पासून अस्तित्वात होता.

मराठी माणूस स्वतः परदेशात आश्रयार्थी आणि आर्थिक स्थलांतरित या दोन रकान्यांच्या मध्ये कसा अडकतो, याचेही उदाहरण ताजे आहे. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या लष्करी विमानातून १०४ भारतीयांना बेड्या घालून अमृतसरला आणून सोडण्यात आले, आणि त्यांत महाराष्ट्रातील तिघे होते. त्या बेड्यांचा राग या देशात सर्वांना आला, आणि तो येणे योग्यच होते. कर्ज काढून, दलालाला पैसे मोजून, जंगले तुडवत जाणाऱ्या त्या माणसांकडे येथील वर्तमानपत्रांनी जशा कणवेच्या नजरेने पाहिले, तशी नजर नाक्यावर उभ्या असलेल्या झारखंडच्या बिगाऱ्याच्याही वाट्याला यायला हवी.

आणि बीडच्या कोयत्याच्याही. ऊसतोडीच्या व्यवहारात ‘कोयता’ म्हणजे केवळ हत्यार नव्हे, तर नवरा-बायकोची जोडी. मजुरीचा हिशेब या जोडीचा असतो, बाईचा वेगळा नसतो. मुकादमाकडून पावसाळ्यात ‘उचल’ म्हणजे आगाऊ रक्कम घ्यायची, दिवाळीच्या सुमारास टोळीसोबत पश्चिम महाराष्ट्र किंवा कर्नाटक गाठायचे, फडाच्या कडेला पाचटाची कोपी उभारायची, पहाटेच्या अंधारात तोड सुरू करायची आणि उचल फिटेपर्यंत राबायचे, असे हे सहा महिने असतात. काम चुकले तर ‘खाडा’ लागतो, म्हणून आजारपणही परवडत नाही. गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांच्या चौकशीसाठी २०१९ मध्ये नेमलेल्या समितीपुढे आलेल्या माहितीनुसार बीड जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली होती. ही माणसे याच राज्याची आहेत, मराठीच बोलतात, कोणाची नोकरी हिरावत नाहीत, आणि ती आली नाहीत तर कारखाना बंद पडतो. त्यांच्याविषयी द्वेष कोठेच नाही; पण ज्या गावाच्या शिवारात ती सहा महिने राहतात त्या गावाच्या पाणीयोजनेत, आरोग्य उपकेंद्राच्या नोंदीत आणि शाळेच्या पटावर त्यांची गणती फार थोड्या ठिकाणी होते.

हा अंक वाचकाच्या हाती पडेल तेव्हा बीड, अहिल्यानगर, जालना या भागांतून ट्रॅक्टर आणि ट्रक भरून या टोळ्या निघालेल्या असतील. शिधापत्रिका आता देशात कोणत्याही रास्त धान्य दुकानात चालते. आपल्या गावच्या दुकानदाराने कोपीवरच्या माणसाला त्याच्या वाट्याचे धान्य दिले की नाही, आणि त्याच्या मुलाचे नाव जवळच्या शाळेत हंगामापुरते तरी लागले की नाही, एवढे ऊसपट्ट्यातील प्रत्येक वाचकाने यंदा स्वतः जाऊन विचारावे.